छतावरची माझी सही

खाणीत सरदार म्हणजे कोण, हे लग्नाच्या वेळी सासरच्या मंडळींना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली होती. त्यांच्या डोळ्यांपुढे घोडा, तलवार असलं काहीतरी उभं राहिलं असावं. माझ्याकडे काठी होती. खांद्याएवढी उंच, टोकाला पितळी टोपण बसवलेली. जमिनीखालच्या कोळसा खाणीत पाळी सुरू झाली की सगळ्यांच्या आधी सरदार कामाच्या जागेवर जातो, वायू तपासतो आणि त्या काठीने डोक्यावरचं छत ठोकत ठोकत पुढे सरकतो. छत घट्ट असेल तर टणटण वाजतं. वर कुठे थर सुटला असेल तर तडा गेलेल्या माठासारखा बद्द आवाज येतो. टणटण आला की सरदार खडूने छतावर तारीख घालून सही करतो आणि त्या सहीखाली बाकीची माणसं कामाला लागतात. बद्द आला की सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन ड्रेसर पुढे येतो, सैल दगड पाडतो, टेकू लावतो. सगळा कारभार कानाचा.

माझ्या हाताखाली अकरा माणसं होती. त्या अकरांच्या डोक्यावरचं छत माझ्या कानांच्या भरवशावर होतं आणि शेवटची तीन वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं. हे मला ठाऊक होतं. बाकी कोणालाच ठाऊक नाही असा माझा समज होता, आणि समजांच्या बाबतीत मी आयुष्यभर श्रीमंत राहिलो.

त्याआधी माझा कान खरोखरच चांगला होता, हे सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. नवीन सरदार झालो तेव्हा एका जागी सगळ्यांनी ठीक म्हटलेलं छत मी ठोकलं आणि माणसं मागे घेतली. जेवायच्या सुट्टीत ते छत खाली आलं. त्या एका दिवसावर मी पुढची पंधरा वर्षं काढली. चहाच्या टपरीवर कोणी नवा माणूस दिसला की मी ती गोष्ट त्याला सांगायचो, आणि दरवेळी पडलेला दगड थोडा मोठा होत गेला. शेवटी शेवटी तो एवढा झाला होता की आमच्या खाणीच्या बोगद्यात मावला नसता.

कान गेले कसे, यात काही गूढ नाही. कोळशाला भोकं पाडणाऱ्या ड्रिलजवळ वीस वर्षं उभं राहिलं की जातात. आम्हाला कानात घालायला नारिंगी बोळे मिळायचे. मी ते घालत नव्हतो, कारण ते घातल्यावर छत कसं ऐकणार? हे कारण ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं. त्यातला एक बोळा आमच्या घरच्या कूलरच्या गळक्या पाइपात अगदी मापात बसला आणि चार उन्हाळे टिकला. त्याने त्याचं काम माझ्यापेक्षा चोख केलं.

मला पहिल्यांदा शंका आली ती कुकरमुळे. आमच्याकडे दरवर्षी सुरक्षा सप्ताह असतो. त्यात माझं 'अपघात कसे टाळावेत' या विषयावरचं भाषण पहिलं आलं आणि बक्षीस म्हणून प्रेशर कुकर मिळाला. पत्नी एका रविवारी तुरीची डाळ चढवून विहारात गेली. जाताना मला म्हणाली, "अजी, तीन शिट्ट्या झाल्या का गॅस बंद करजा." मी पेपर वाचत बसलो. शिट्टी काही होईना. नवीन कुकर आहे, वेळ घेत असेल, असं मनाशी म्हणालो. ती परत आली तेव्हा घरभर धूर होता आणि डाळीचा कोळसा झाला होता. शेजारीण कुंपणावरून तिला सांगत होती की तिने बावीस शिट्ट्या मोजल्या. मी पत्नीला सांगितलं की माझा डोळा लागला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, पेपरकडे पाहिलं आणि खिडक्या उघडायला गेली.

तेव्हापासून मी युक्त्यांवर जगू लागलो. विहारात अगदी लाउडस्पीकरला चिकटून बसायचो. लोकांना वाटायचं, माणूस वयाप्रमाणे श्रद्धाळू होत चालला. घुग्घुसच्या रस्त्यावर ट्रक मागून भोंगा वाजवत राहायचे आणि मी मोटारसायकलवर रस्त्याच्या मधून आपल्या तालात चाललेलो असायचो. ड्रायव्हर पुढे येऊन शिव्या द्यायचे. त्याही ऐकू येत नसल्यामुळे मी हात हलवून नमस्कार करायचो.

खाणीत माझी मोठी युक्ती तळहाताची होती. छत हाताला लागेल इतकं खाली असेल तर एक हात छताला टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने ठोकायचं. सैल दगड हाताखाली थरथरतो. ही पद्धत पुस्तकातही आहे, मी काही शोध लावला नव्हता. फरक एवढाच की पुस्तकात ती कानाच्या जोडीला सांगितली आहे आणि मी ती कानाऐवजी वापरत होतो. जिथे छत उंच आहे, हात पोचत नाही, तिथे काय करायचं? तिथे मी काठीने ठोकायचो, मान तिरकी करायचो, डोळे बारीक करायचो, थोडा वेळ जाऊ द्यायचो आणि सही करायचो. मान तिरकी करण्यात मी इतका पटाईत झालो होतो की एकदा साहेबांनी शिकाऊ लोकांना मला दाखवून सांगितलं, बघा, असं ऐकायचं असतं.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. सांगितलं असतं तर मला वर पाठवलं असतं, दिव्यांच्या खोलीत. पाळीवर जाणाऱ्यांना टोपीवरचा दिवा द्यायचा, वर आलेल्यांचा परत घ्यायचा, चार्जिंगला लावायचा. कोणाचं फुप्फुस गेलं, कोणाचा गुडघा गेला की त्याला तिथे बसवतात. मी त्या लोकांना 'दिवाबत्तीवाले' असं नाव ठेवलं होतं. ते नाव सगळ्या खाणीत रूढ झालं आणि त्याचा मला अभिमान होता. आता त्याच खिडकीमागे जाऊन बसायचं, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती. अकरा माणसांच्या जिवापुढे हे कारण किती लहान आहे ते मला आज दिसतं. तेव्हा ते मला पहाडाएवढं वाटत होतं.

ठरावीक वर्षांनी आमची वैद्यकीय तपासणी होते. कानांसाठी एका छोट्या बंद खोलीत बसवतात, डोक्याला हेडफोन लावतात, हातात एक बटण देतात. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. खोलीला काचेची खिडकी होती आणि तिच्यापलीकडे यंत्र चालवणाऱ्या बाई बसल्या होत्या. मी मन लावून बसलो. काहीच येईना. मग माझ्या लक्षात आलं की आवाज सोडताना बाईंचा उजवा खांदा जरासा हलतो. मी खांद्यावर नजर रोखली. खांदा हलला की बटण. खांदा हलला की बटण. बाहेर आल्यावर बाई कौतुकाने म्हणाल्या, "काका, तुमचे कान तर विशीतल्या पोरासारखे आहेत." मी लाजलो. खरोखर लाजलो, जणू ते कौतुक माझ्याच कानांचं होतं. घरी जाताना पत्नीसाठी चिवडा घेऊन गेलो.

आता त्या ड्रेसरबद्दल सांगतो, ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसलो. तो धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा, गोंड. सासऱ्याची शेती खाणीत गेली, त्या बदल्यात त्याला नोकरी लागली आणि तो आमच्याकडे आला. वयाने माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान, बोलायला कमी. त्याला एक सवय होती. तो प्रत्येक गोष्ट ठोकून बघायचा. बाजारात डांगर घेताना ठोकायचा, माठ घेताना ठोकायचा, माझ्या घरी आला तेव्हा पंगतीला बसण्याआधी भिंतसुद्धा दोनदा ठोकली. त्यांच्याकडे झाड तोडण्याआधी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकून बघतात. आत पोकळ असेल तर झाड कुठल्या बाजूला पडेल याचा भरवसा नसतो. हे तो लहानपणापासून करत आला होता. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, त्याच्याकडे कान होते.

तो माझ्यामागून यायचा. मी सही करून पुढे गेलो की सब्बलीच्या टोकाने माझ्या सहीच्या शेजारी हळूच दोनदा ठोकायचा. एक-दोनदा त्याने मला थांबवून सांगितलं, "भाऊ, इथी जरा पाडून घेतो." मी म्हणायचो, घे. सैल दगड निघायचा. मी म्हणायचो, "मले वाटलंच होतं." तो मान हलवायचा. असं वर्षभर चाललं. त्याच्या ठोकण्याकडे माझं फारसं लक्षच नव्हतं, कारण ते मला ऐकूच येत नव्हतं.

लक्ष गेलं ते एका दिवशी मी अचानक मागे वळलो म्हणून. माझी टोळी उभी होती, हा माझ्या सहीवर ठोकत होता, आणि कोळसा भरणारा एक लोडर हसून काहीतरी बोलला. काय बोलला ते मी दुसऱ्याकडून काढून घेतलं. तो म्हणाला होता, हा आपल्या सरदाराचा सरदार आहे. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी सगळ्या टोळीसमोर त्याला फैलावर घेतलं. "सर्टिफिकेट कोणाकडं हाय? तुझ्याकडं का माझ्याकडं? माझी सही झाली का तिथी पुन्हा ठोकाचं नाई. समजलं?"

तो म्हणाला, "समजलं भाऊ."

माझा शब्द पाळणारी माणसं आयुष्यात मला फार भेटली नाहीत. हा नेमका पाळणारा निघाला.

पुढचा आठवडा मी फार रुबाबात काढला. त्याच आठवड्यात ट्रेनिंग सेंटरवर माझं व्याख्यान होतं. खाणीत माणूस जखमी होण्याची कारणं मी फळ्यावर लिहिली: झोप न होणं, दारू, घाई, ओली वाट, कामाचा अनुभव नसणं. मग अनुभव फार असणं हेही कसं घातक असतं, यावर दहा मिनिटं बोललो. जुन्या माणसाला वाटतं, मला काय होतंय. नियम नव्या लोकांसाठी असतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, असं त्यांच्या हातांवरून दिसलं. मी फळा पुसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पाळीला खाली गेलो.

दोन बोगदे एकमेकांना छेदतात त्या जागेला आम्ही जंक्शन म्हणतो. तिथे छत जास्त उघडं पडलेलं असतं, म्हणून ती जागा धोक्याची. आमच्या जंक्शनचं छत उंच होतं, हात पोचत नव्हता. शेजारी हवेचा पंखा घुमत होता. तो मात्र मला ऐकू येत होता. मी काठी उंच करून चार ठिकाणी ठोकलं, मान तिरकी केली, थोडा वेळ जाऊ दिला. तारीख घातली, सही केली. ड्रेसर माझ्यामागे उभा होता. त्याच्या दिव्याचा उजेड माझ्या सहीवर थोडा वेळ थांबला, हे मला आठवतं. मग तो टेकूचं लाकूड घेऊन जंक्शनच्या पलीकडे जायला निघाला.

दगड पडलेला मला पायांतून कळला. वळून पाहिलं तर माझ्या सहीसकट छताचा तुकडा खाली होता. ड्रेसर शेवटच्या क्षणी बाजूला झाला होता, पण डावा पाय अडकला. गुडघ्याखालचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आम्ही सब्बली लावून दगड उचलला. तो ओरडत असावा, त्याचं तोंड उघडं होतं. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि त्याचं ओरडणं मला दुरून आल्यासारखं येत होतं. मला तेव्हा स्वतःची किळस आली. तेवढी पुन्हा कधी आली नाही.

चौकशी लागली. त्याने दवाखान्यातूनच जबाब दिला की टेकू लावण्याआधी आपणच त्या छताखालून गेलो, चूक आपली. टेकू नसलेल्या छताखालून तर आम्ही सगळेच जात होतो, सरदाराची सही असते म्हणूनच जात होतो. पण कागदावर ते चाललं. अहवालात कारणाच्या रकान्यात लिहिलं गेलं, 'कामगाराची बेपर्वाई'. हे शब्द मला अनोळखी नव्हते. गेल्या पंधरा वर्षांत माझ्या जागेवर झालेल्या सगळ्या लहानमोठ्या दुखापतींसाठी मी तेच सुचवले होते. माझं नाव कुठेच नव्हतं. मी सुटलो होतो, आणि त्याच्या नावावर कायमची बेपर्वाई लागली होती.

मी त्याला भेटायला चंद्रपूरच्या दवाखान्यात गेलो. त्याची बायको पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मी कसंबसं म्हणालो, "मले ऐकू येत नाई रे. लय दिवस झाले."

तो माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ स्पष्ट हलवत बोलला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की तो माझ्याशी वर्षभर असाच बोलत आला आहे.

"मले मालूम हाय, भाऊ."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यात तुमाले मागून तीनदा आवाज देलो. तुमी पाह्यलेच नाई. मंग तुमच्या मागं सब्बल दगडावर आपटून पाह्यलो. झाड पाह्यतो तसं. तुमची मान बी हालली नाई."

"मंग सांगितलं काऊन नाई कोणाले?"

"काय सांगाचं? तुमाले वर पाठोले असते, दिवे वाटाले. तुमाले ते सहन झालं नसतं. मी म्हणलो, मागून ठोकत जाऊ आपण. चालून राह्यलं होतं ना बराबर."

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता. तरी विचारला. "त्या दिवशी तुले काई वाटलं नवतं का?"

त्याने प्लास्टरवर बोट फिरवलं. "वाटलं. तुमी ठोकत होते तवाच आवाज बद्द आला. सब्बल उचललो होतो मी. मंग आठवलं, तुमी नाई म्हणलं होतं."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला घरी जाऊन जेवता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या ऑफिसात उभा राहिलो आणि म्हणालो, अहवाल बदला, मी बहिरा आहे. साहेबांनी फाईल काढली. तीन महिन्यांपूर्वीची तपासणी, दोन्ही कान उत्तम. मला वाटलं होतं की कबुली देणं कठीण असेल. बहिरेपणा सिद्ध करणं त्याहून कठीण निघालं. मी खांद्याची गोष्ट सांगितली. साहेब म्हणाले, त्या माणसाने स्वतः चूक कबूल केली आहे, तुमची नोकरी थोडी राहिली आहे, उगाच कशाला खाजवून खरूज काढता? मी हटलो नाही. तेव्हा ते उठले, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. पाठमोरे असताना ते काय बोलले, हे मला अजून कळलेलं नाही. फार गोड नसावं.

पुन्हा तपासणी झाली. त्याच बाई होत्या. मीच त्यांना म्हणालो, काचेवर पेपर लावा. त्यांनी लावला. शिवाय मी डोळेही मिटून घेतले, कारण माझा माझ्यावर विश्वास नव्हता. हातात बटण होतं. मी बसून राहिलो. केव्हातरी खूप लांबून एक बारीक आवाज आल्यासारखा वाटला, तेव्हा एकदा दाबलं. बाईंनी दार उघडून खांद्याला हात लावला तेव्हा मला वाटलं की अजून सुरूच झालं नाही. तपासणी संपली होती.

माझं सरदारकीचं सर्टिफिकेट गेलं. अहवाल बदलला. कारणाच्या रकान्यात साहेब 'सरदाराची श्रवणक्षमता कमी' एवढंच लिहीत होते. मी हट्ट धरून एक ओळ वाढवून घेतली: ज्याला ऐकू येत होते, त्याला सरदाराने ठोकण्यास मनाई केली होती. साहेब म्हणाले, असा रकाना नसतो. मी म्हणालो, जागा आहे ना, लिहा.

आता मी दिव्यांच्या खोलीत बसतो. पाय जोडून आल्यावर ड्रेसरलाही तिथेच दिलं. तो लंगडतो, थंडीत जास्त. खिडकीवर कोणी आलं की तो टेबलावर दोन बोटांनी ठोकतो. माझा तळहात टेबलावरच असतो. मग मी वर बघतो आणि दिवा देतो. पोरं आम्हाला दिवाबत्तीवाले म्हणतात. नाव कोणी ठेवलं ते त्यांना माहीत नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

माझ्या जागी नवा सरदार आला आहे. कान चांगला आहे त्याचा, असं म्हणतात. तो पहिल्या दिवशी दिवा घ्यायला आला तेव्हा ड्रेसरने दिवा त्याच्या हातात दिला, पण सोडला नाही. नेहमीसारखे ओठ स्पष्ट हलवत म्हणाला, "भाऊ, तुमच्या सहीवर मागून कोणी ठोकलं तं ठोकू द्याचं."

नवा सरदार काहीतरी बोलला. मला ते ऐकू आलं नाही. पण त्याचा चेहरा मी ओळखला. पंधरा वर्षं रोज सकाळी दाढी करताना तोच माझ्यासमोर असायचा.